फट क्रमांक त्र्याहत्तर

पावसाळ्यात घर गळतंय हे कुणालाही कळतं. पण कोरड्या ठणठणीत दिवसांतही घर गळत असतं आणि तेव्हा त्यातून ऊब गळते, ही गोष्ट मापाड्यांना वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळली. न कळती तर बरं झालं असतं, असं त्यांची बायको पुढे बरेच दिवस म्हणत होती.

मापाडी हे त्यांचं आडनाव नव्हे. चौतीस वर्षं ते वजनमापं तपासणाऱ्या कचेरीत निरीक्षक होते, आणि गल्लीने त्यांच्या पाठीमागे हे नाव ठेवलं होतं. पाठीमागे ठेवलेलं नाव तोंडावर यायला फार वेळ लागत नाही. काट्याच्या तळाला चिकटवलेलं शिसं त्यांना म्हणे रस्त्याच्या पलीकडून दिसायचं. "काटा खोटं बोलत नाही, माणूस बोलतो," हे त्यांचं लाडकं वाक्य. ते त्यांनी इतक्या दुकानदारांना ऐकवलं होतं की काही दुकानदार त्यांना लांबून येताना पाहून ते स्वतःच म्हणून टाकत. निवृत्तीनंतर तपासायला दुसऱ्यांचे काटे उरले नाहीत, आणि या माणसाची नजर घराकडे वळली.

घरात माणसं तीन. मापाडी, त्यांची बायको आणि त्र्याऐंशी वर्षांची आत्या. मापाडी सहा वर्षांचे असताना त्यांची आई वारली, ती याच घरात, मागच्या खोलीत. त्या दिवशी आत्या जी या घरात आली ती राहिलीच. तिने त्यांना न्हाऊमाखू घातलं, शाळेत पोचवलं, त्यांचं लग्न लावलं, त्यांच्या मुलाला खेळवलं, आणि तो मुलगा नोकरीसाठी लांब गेल्यावर त्याच मागच्या खोलीत खिडकीशी खुर्ची टाकून बसली. दुपारी चहा मागताना ती पहिल्यापासून दोन कप मागे. एक पिई, दुसरा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवी. तो गार होऊन मोरीत जाई. मापाड्यांनी ही नासाडी फार पूर्वीच हेरली होती. गार झालेला कप भरलेल्या कपापेक्षा दोन बोटं कमी असतो, हेही त्यांनी पट्टी लावून पाहिलं होतं, आणि 'बाष्पीभवन' असा शेरा मारून प्रकरण मिटवलं होतं.

गेल्या थंडीत आत्याच्या छातीत घरघर सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, "हिची खोली अठरा अंशांच्या खाली जाता कामा नये. गेली, तर पुढची थंडी निघणार नाही." मापाड्यांनी तापमापक टांगला. पारा साडेबारावर. मग थोरल्या बहिणीचा, म्हणजे ताईचा फोन आला. ताईने वृद्धाश्रम पाहून ठेवला होता. गरम पाण्याचे नळ फिरवलेल्या भिंती, चोवीस तास नर्स, आणि खिडकीजवळचा पलंगही राखून ठेवलेला.

"मी या घरातून आडवी जाईन," आत्या म्हणाली. "उभी जाणार नाही."

"अगं आत्या, तिथे ऊब आहे."

"तिथे कोण आहे माझं?"

"मग इथे तरी कोण आहे? आम्ही दोघंच ना?"

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग खिडकीच्या कट्ट्याकडे पाहिलं, आणि कप तोंडाला लावला. घर बदलायचं नाही, तर घरातली हवा बदलायची, असं मापाड्यांनी तिथेच ठरवलं. ताईला त्यांनी कळवलं, "थंडीच्या आत खोली अठरावर आणतो. नाही आणली तर आत्याला घेऊन जा." ते शब्दाचे पक्के होते. हाच तर त्यांचा दोष.

पहिल्या दिवशी त्यांनी मेणबत्ती पेटवून घरभर फिरवली. ज्योत जिथे वाकेल तिथे फट. प्रत्येक फटीशेजारी खडूने क्रमांक घातला आणि वहीत नोंद केली. फट क्रमांक एक, पुढच्या दाराची चौकट, डावीकडे. दुपारपर्यंत आकडा चाळिसावर गेला. संध्याकाळी बायको बाहेरून आली तर भिंतींवर, खिडक्यांवर, कपाटामागे, सगळीकडे आकडे.

"अहो, हे घर आहे की लिलाव?"

"हे सत्य आहे," मापाडी म्हणाले. दोनच दिवसांपूर्वी धुतलेल्या पडद्यावर खडूची बोटं उमटलेली पाहून बायको त्या सत्यावर जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शेवटची फट त्र्याहत्तर क्रमांकाची. आत्याच्या खिडकीच्या कट्ट्याखाली, करंगळी जाईल एवढी. तिथे ज्योत आत वाकली नाही, बाहेरही झुकली नाही. नुसती सरळ उभी राहून थरथरली, आणि मापाड्यांच्या देखत विझली. कुणीतरी फुंकर घातल्यासारखी. मापाड्यांनी वहीत लिहिलं, 'वारा: अनिश्चित.' चौतीस वर्षांच्या नोकरीत हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच वापरला.

शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक कुंपणावरून हे सगळं पाहत होते. गल्लीत कुणी खिळा जरी ठोकायला घेतला, तरी त्यांचा सल्ला हातोडीच्या आधी पोचत असे.

"फटी बुजवू नका," ते म्हणाले. "घर गुदमरतं. आमच्या मेहुण्याने बुजवल्या. सहा महिन्यांत भिंतींना बुरशी आली आणि मेहुण्याला संशयाचा रोग लागला. आपल्या मागे कोणी तरी उभं आहे म्हणायचा."

"आणि होतं का?"

"बायको उभी असायची. पण ते नंतर कळलं."

मापाड्यांनी अर्थातच हा सल्ला फेटाळला आणि 'जुनी घरे ऊर्जाबचत योजने'चा अर्ज भरला. योजना साधी होती. कचेरी घर तपासणार, मग जाड दुहेरी काचा, भिंतींना लावायच्या पाट्या, छतावर अंथरायचा कापूस आणि फटींसाठी सिलिकॉन, असं साहित्य देणार. काम झालं की पुन्हा तपासणी. अर्जातले आकडे आणि तपासणीतले आकडे जुळले की शिक्का. नाही जुळले, तर लावलेलं सगळं उखडून परत. आकडे जुळवणं म्हणजे मापाड्यांच्या हातचा मळ. त्यांनी 'घरातील माणसं' या रकान्यात ठळक तीन लिहिलं, आणि इथेच घोडं पेंड खाणार होतं.

तपासनीसबाई आल्या त्या एक मोठा पंखा घेऊन. तरुण, चटपटीत बाई. पुढच्या दारात कापडी पडदा ताणून त्यांनी त्यात तो पंखा बसवला, बाकी सगळी दारं-खिडक्या लावून घेतली आणि पंखा सुरू केला. पंखा घरातली हवा बाहेर ओढू लागला, तशी बाहेरची हवा फटीफटीतून आत घुसू लागली. सगळं घर शिट्ट्या मारायला लागलं. स्वयंपाकघरातून एक बारीक, न्हाणीघरातून एक घोगरी, माळ्यावरून तर कुणी म्हातारा खोकल्यासारखी. पडदे आत फुगले, कपाटाचं दार आपोआप उघडून पुन्हा मिटलं. बायकोने पदर घट्ट ओढून घेतला.

"तुमच्या घरातल्या सगळ्या फटी एकत्र केल्या," बाई आकडा वाचत म्हणाल्या, "तर एक अख्खी खिडकी होते. म्हणजे तुम्ही इतकी वर्षं थंडीवाऱ्यात एक खिडकी सताड उघडी टाकून झोपताय."

मापाड्यांचा चेहरा वजनात खोट सापडलेल्या दुकानदारासारखा झाला. फटी बाईंनी शोधल्या याचं त्यांना दुःख नव्हतं. त्या मोजायला बाईंना दहा मिनिटं लागली आणि आपल्याला दोन दिवस, याचं होतं.

मग बाईंनी उष्णता दाखवणारा कॅमेरा काढला. त्यात थंड जागा निळ्या दिसतात आणि उबदार जागा पिवळ्या-तांबड्या. क्रमांकाची प्रत्येक फट निळी. मागच्या खोलीत मात्र बाई थांबल्या. कॅमेरा झटकला, पुसला, पुन्हा धरला.

"ही त्र्याहत्तर तांबडी दिसतेय. बाहेर सकाळचा एवढा गारवा, पंखा बाहेरची हवा आत ओढतोय, आणि ही उबदार? आणि ही एकटीच शिट्टी पण वाजवत नाही."

"तिला कशाला ओढता?" आत्या खुर्चीतून म्हणाली. "बसू दे की."

बाईंना वाटलं, आजी स्वतःबद्दल बोलताहेत. त्यांनी आत्याची खुर्ची हलवली नाही.

दुसऱ्या दिवशी बंद घराची चाचणी. चार तास सगळं बंद, कुणी बाहेर जायचं नाही, चूल पेटवायची नाही. माणसाच्या श्वासाने हवा जड होते आणि अंगाने खोली तापते. बाईंची यंत्रं ते मोजतात आणि त्यावरून घरातल्या माणसांची ऊब किती ते काढतात. तिघं गप्प बसून राहिले. बंद घरात शांतता साचत जाते. तिसऱ्या तासाला मापाड्यांना बायकोचा श्वास ऐकू येऊ लागला, मग आतून आत्याचा, अडखळत येणारा, मग स्वतःचा. वेळ जावा म्हणून त्यांनी ते मोजायला घेतले. दोनदा गल्लत झाली. एक श्वास जास्त भरत होता.

चार वाजता बाईंनी आकडा काढला. "माणसं चार."

"तीन," मापाडी म्हणाले.

"यंत्र चार म्हणतंय."

"यंत्राचं प्रमाणपत्र दाखवा."

बाईंनी दाखवलं. मोहोर ताजी होती, मापाड्यांच्याच जुन्या कचेरीची. खालची सही तर त्यांनीच हाताखाली तयार केलेल्या माणसाची होती. प्रमाणित यंत्राला खोटं ठरवायचं कसं? हे असलं काही बोलणाऱ्या दुकानदारांना त्यांनी चौतीस वर्षं हसून वाटेला लावलं होतं. आता स्वतःच्याच दिवाणखान्यात ते दुकानदार झाले होते.

योजनेच्या कचेरीत खिडकीवर बसलेला कारकून मऊ आवाजाचा माणूस होता. असल्या माणसांची भीती जास्त. त्याने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"अर्जात तीन, तपासणीत चार. चौथ्याला हजर करा."

"चौथा नाहीच आहे."

"मग तो नाही असं प्रतिज्ञापत्र आणा."

"नसलेल्या माणसाचं प्रतिज्ञापत्र कोण देणार?"

कारकुनाने मनापासून विचार केला. "त्याने स्वतः दिलं तर उत्तम," तो म्हणाला. मग मापाड्यांचा चेहरा पाहून त्याने जरा सवलत दिली. "असं करा. साहित्य घेऊन जा, काम करून घ्या. पण आकडा जुळल्याशिवाय शिक्का नाही. आणि शिक्का नाही, तर साहित्य परत."

मापाडी हरणारे नव्हते. बाईंना गळ घालून त्यांनी चाचण्या लावल्या. एकेकाला बाहेर काढायचं आणि चोर पकडायचा. बायको बाहेर: तीन. स्वतः बाहेर: तीन. आत्याला मुख्याध्यापकांकडे बसवलं: तीन. म्हणजे प्रत्येक वेळी एक जास्तच. शेवटी सगळे बाहेर पडले, घराला कुलूप घातलं, आणि चार तास गल्ली त्या बंद घराकडे पाहत उभी राहिली. एवढे बघे गोळा झाले की मुख्याध्यापकांनी रांग लावली.

चार तासांनी बाईंनी कुलूप उघडलं, यंत्र पाहिलं आणि ते मापाड्यांपुढे धरलं.

रिकाम्या घरात एक.

मुख्याध्यापकांना आपल्या मेहुण्याची आठवण झाली, पण त्या दिवशी ते पहिल्यांदाच सल्ला न देता घरी गेले. भर दुपारी, लख्ख उन्हात, आपल्याच उंबरठ्यावर उभं राहून मापाड्यांना आत जायची भीती वाटली. हे त्यांनी कबूल केलं नाही. "कुलूप गंजलंय," एवढंच म्हणत ते बराच वेळ दारातच घुटमळले. आत्या मात्र काठी टेकत सरळ आत गेली आणि मागच्या खोलीतून तिचा आवाज आला, "आले गं. जरा उशीर झाला."

बाईंनी रात्रभर गणित केलं म्हणे. सकाळी त्यांनी शास्त्रीय खुलासा दिला. त्या त्र्याहत्तर नंबरच्या फटीतून कुणाच्या तरी श्वासाची हवा बाहेरून आत येत असणार, ती बुजवा म्हणजे आकडा जुळेल. खुलासा उत्तम होता. त्या फटीच्या बाहेर फक्त वीतभर बोळ आणि कुंपणाची आंधळी भिंत होती, माणसाला उभं राहायला जागासुद्धा नव्हती, पण असल्या बारीकसारीक गोष्टींवर मापाड्यांना आता अडायचं नव्हतं. थंडी तोंडावर आली होती.

सुतार आला. दुहेरी काचा बसल्या, पाट्या लागल्या, माळ्यावर कापूस अंथरला. सुताराने बाहत्तर फटी सिलिकॉनने भरल्या आणि त्र्याहत्तराव्या फटीशी येऊन हात आखडला. "साहेब, ही तुम्ही भरा. मी दोनदा भरली. सुकायच्या आत आतून ढकलल्यासारखी बाहेर येतेय." मापाड्यांनी त्याच्या हातून नळी घेतली.

"ती राहू दे रे," आत्या म्हणाली. "बाकीच्या बुजव. एवढी एक सोड."

"आत्या, तुझ्यासाठीच चाललंय ना हे? शिक्का नाही मिळाला तर ताई तुला घेऊन जाईल. तुला इथे राहायचंय की नाही?"

आत्याने कट्ट्यावरचा हात काढून घेतला. मापाड्यांनी नळी दाबली, वर लाकडाची पट्टी ठोकली आणि सुकेपर्यंत अंगठ्याने दाबून धरली. अंगठ्याखाली काहीतरी कोमट लागत होतं. हळूहळू ते गार पडलं.

दुसऱ्या दिवशी चाचणी. माणसं तीन. आत्याची खोली साडेएकोणीस. बाईंनी टाळ्या वाजवल्या. मापाड्यांनी दुकानातून पेढे नव्हे, पण चांगली बिस्किटं आणली आणि मुख्याध्यापकांनाही दिली. घर इतकं शांत झालं होतं की शेजारच्या घड्याळाची टिकटिकही ऐकू येत नव्हती. कारकुनाने अंतिम शिक्क्यासाठी पुढच्या सोमवारी या म्हणून सांगितलं.

सोमवार यायच्या आत आत्या थंडीने कुडकुडू लागली.

खोली साडेएकोणीस, आणि म्हातारी दोन रजयांखाली काकडतेय. मापाड्यांनी तापमापक बदलला. उशीखाली ठेवला, पायाशी ठेवला, रजईच्या आत ठेवला. सगळीकडे ऊब. आत्याचे हात मात्र नळाच्या पाण्यासारखे. डॉक्टरांनी तपासलं, छाती मोकळी होती, त्यांना कारण सापडेना. ती बोलेनाशी झाली. चहा आला तर दोन कपांकडे पाही आणि तोंड फिरवी. गार झालेला दुसरा कप आता काठोकाठ भरलेलाच परत जायचा. मापाड्यांनी पट्टी लावून पाहिली. एक रेघसुद्धा उतरला नव्हता. बाष्पीभवन बंद पडलं होतं.

आत्याची ही अवस्था कळली तशी शनिवारी ताई गाडी घेऊन आली. आत्याची पिशवी भरू लागली. आत्या विरोधही करेना. जी बाई उभी जाणार नव्हती, ती मुकाट्याने चपला शोधत होती.

"आता कशाला राहू?" ती म्हणाली. "मी इथे राहून तरी काय सांगू, कुणाला सांगू?"

मापाडी तिच्यासमोर जमिनीवर बसले. गुडघे कुरकुरले. एवढ्या दिवसांत त्यांनी घरातली प्रत्येक गोष्ट मोजली होती, पण आत्याला एकदाही काही विचारलं नव्हतं, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

"आत्या, कोण होतं?"

"तुझी आई."

ताईच्या हातातली पिशवी खाली आली. ताई तेव्हा आठ वर्षांची होती, तिला आई आठवत होती.

"रोज येऊन बसायची," आत्या म्हणाली. "पंचावन्न वर्षं. आज पोरं काय जेवली, पडली का, कोणाशी भांडली, पास झाली का. सगळं विचारायची. जाताना माझ्या हाती दिलं होतं ना तुम्हाला. तिला हिशोब नको का द्यायला? ताई सासरी गेली ते सांगितलं, तुला नोकरी लागली ते सांगितलं. मी वृद्धाश्रमात गेले तर तिला तुझं कोण सांगणार, म्हणून जात नव्हते रे."

"मग मला कधी बोलली नाहीस ती?"

"तू कधी विचारलंस?"

मापाड्यांनी बायकोकडे पाहिलं. बायको दारात उभी होती.

"तुला माहीत होतं?"

"लग्न होऊन आले त्या आठवड्यापासून," बायको म्हणाली. "रोज दोन कप कोण भरतं? तुम्ही पट्टी लावत होतात, म्हटलं लावू दे."

मापाड्यांना आईचा चेहरा आठवत नव्हता, आवाजही नाही. एकच गोष्ट आठवत होती. थंडीच्या सकाळी शाळेत निघताना बोटं वळायची नाहीत, दप्तराचा पट्टा लागायचा नाही. तेव्हा ती त्यांची बोटं ओंजळीत धरून त्यांवर तोंडाने वाफ सोडायची. फुंकर नव्हे, वाफ. ही आठवण त्यांनी कधी कुणाला सांगितली नव्हती, कारण ती मोजता येत नव्हती.

ते उठले आणि हत्यारांच्या पेटीतून पेचकस घेऊन आले. पट्टी उचकटली, सिलिकॉन कोरून काढला. थंड हवेचा एक झोत आला आणि त्यांच्या मनगटाला झोंबला. मग तो थांबला. खोलीतला पारा खाली सरकत सरकत बरोबर अठरावर येऊन टेकला. ताईने आत्याचा हात धरून ठेवला होता. थोड्या वेळाने ती हळू आवाजात म्हणाली, "अरे, हिचे हात गरम झाले." पिशवी पुन्हा रिकामी करण्यात आली. त्या दुपारी बायकोने चहा केला, दुसरा कप कट्ट्यावर ठेवला, आणि या वेळी कुणी पट्टी आणली नाही.

बाईंनी सोमवारी सकाळी शिक्क्याआधीची शेवटची चाचणी केली. एका फटीने घर नापास होत नव्हतं. पण माणसं पुन्हा चार. बाई काही बोलणार, तेवढ्यात मापाडी म्हणाले, "बरोबर आहे तुमचं यंत्र. अर्ज चुकलाय." आणि ते कचेरीत जाऊन खिडकीशी उभे राहिले.

"दुरुस्ती करायचीय," ते म्हणाले. "तीन नाही, चार."

"माणूस वाढला?" कारकुनाने विचारलं.

"आधीपासून होता. माझ्याकडून लिहायचा राहिला."

कारकुनाने नवा रकाना उघडला. "नातं?"

"आई."

"नाव?"

मापाड्यांनी नाव सांगितलं. ते नाव त्यांनी शाळेच्या दाखल्यावर वाचलं होतं, पण मोठ्याने कधी उच्चारलं नव्हतं. मागे रांगेतल्या माणसाने उगाच खाकरून घेतलं.

"कामधंदा?"

"घरीच असते."

"वय?"

"सव्वीस."

कारकुनाचं पेन थांबलं. त्याने अर्जाचं पहिलं पान उलटून पाहिलं. "अर्जदार एकसष्ट?"

"हो."

"आणि आई सव्वीस?"

"तेवढीच आहे," मापाडी म्हणाले.

कारकुनाने ड्रॉवरमधून नियमांचं पुस्तक काढलं, बोट फिरवत दोन पानं वाचली आणि मिटलं. "आईचं वय मुलापेक्षा जास्त असलं पाहिजे असं नियमात कुठे दिलेलं नाही," तो मऊ आवाजात म्हणाला. "आकडा जुळला पाहिजे, एवढंच दिलंय. मोजलंय ना?"

"मोजलंय."

त्याने शिक्का मारला.

मापाडी घरी आले तेव्हा ऊन कलत होतं. आत्या खुर्चीत बसून खिडकीशी काहीतरी पुटपुटत होती. त्यांना पाहून तिने शेजारचं स्टूल पायाने पुढे सरकवलं. बाहेरून चालत आल्याने मापाड्यांची बोटं गारठली होती. ते स्टुलावर बसले. साठी उलटलेल्या माणसाने सव्वीस वर्षांच्या आईशी कुठून सुरुवात करायची?

"जेवलास का विचारतेय," आत्या म्हणाली.

"जेवलो," मापाडी म्हणाले. मग जरा थांबून, कुणी खोटं पकडायच्या आत, "नाही. अजून नाही जेवलो."

त्यांनी उजवा हात फटीपाशी नेला. वरच्या खिशात तापमापक होता, तो त्यांनी काढला नाही. बोटांवर आधी गार वारा आला. मग वाफ आली, ओलसर, उबदार, सावकाश, एकेका बोटावरून.

मापाड्यांनी दुसरा हातही पुढे केला.